हिरव्या शेपटीचे उंदीर

लग्न ठरवताना माझ्या आईने पाहुण्यांना सांगितलं, "मुलगी आरोग्य खात्यात आहे." एवढ्यावर विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण मुलाच्या वडिलांना, म्हणजे ज्यांना पुढे मी अण्णा म्हणू लागले त्यांना, अर्धवट उत्तर चालत नसे. बशीतला चमचा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "आरोग्य खात्यात नेमकं काय करता आपण?"

"उंदीर विंचरते," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की पाहुणे गेल्यावर काय होणार आहे ते मला तिथेच कळलं. पण मी खरं तेच सांगितलं होतं. आमच्या त्या लहानशा सरकारी कचेरीचं काम प्लेगवर नजर ठेवण्याचं. प्लेग गेला असं लोक म्हणतात. गेला म्हणजे कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. माणसांतून गेला तरी त्याचे जंतू माळावरच्या आणि टेकड्यांवरच्या रानउंदरांत दबा धरून राहू शकतात, आणि एका बिळातून दुसऱ्या बिळात त्यांना पिसवा नेतात. पिसू आजारी उंदराचं रक्त पिते, जंतू तिच्या पोटात इतके वाढतात की घशातून पुढे काही सरकतच नाही. मग ती उपाशीच राहते, भुकेने सैरभैर होऊन दिसेल त्याला चावत सुटते, आणि चावताना घशात अडकलेलं त्याच्या अंगात सोडून देते. म्हणून आम्ही उंदीर पिंजऱ्यात धरायचे, त्यांना क्लोरोफॉर्म द्यायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवून फणीने विंचरायचे, पडतील त्या पिसवा बाटलीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायच्या आणि उंदराचं रक्त तपासणीला धाडायचं.

हे सगळं मी त्या दिवशी सांगितलं नाही. मुलाकडच्या बायका आधीच पाण्याच्या पेल्याकडे संशयाने बघत होत्या. अण्णा मात्र हसले. "मी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात गोळे तपासायचो," ते म्हणाले. "आपलं जमेल." अशा रीतीने माझं लग्न ठरलं. मुलाचं मत राहूनच गेलं, आणि ते राहून गेल्याचं आमचे हे मला अजून अधूनमधून ऐकवतात.

सासर कोथरूडला, टेकडीच्या पायथ्याशी, एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. सासूबाईंना मी आई म्हणत असे. आईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या केसांची फणी घरातल्या बाकीच्या फण्यांपासून वेगळी काढून न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली. कामावरून आल्यावर उंबऱ्यातून थेट आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, त्यानंतर स्वयंपाकघर, असा त्यांचा दंडक. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं अगदी बरोबर होतं, त्यामुळे मला धड भांडताही येईना. शेजारणींना त्या सांगत, "ती मायक्रोस्कोपवर असते." जणू तिथे बसायला पाट मांडलेला असावा.

अण्णांची गोष्ट टेकडीशिवाय सांगता यायची नाही. निवृत्त झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि उठेनात. आयुष्यभर ज्या माणसाच्या सहीशिवाय गोळा दाराबाहेर पडला नाही, त्या माणसाला आता पेपर आला का, एवढंच तपासायला उरलं होतं. बोलणं कमी होत होत थांबलं. जेवायला हाक मारली तर जेवायचे, नाही मारली तर नाही. हे माझ्या लग्नाच्या आधीचं, पण आई ते दिवस सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. कुठल्याशा डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आमच्या ह्यांनी त्यांना ओढत टेकडीवर नेलं. तिथे त्यांना त्यांच्यासारखेच चार रिकामे लोक भेटले, एकाने सरकारला शिव्या घातल्या, अण्णांनी त्यातली चूक काढली, आणि माणूस परत बोलायला लागला. तेव्हापासून पहाटे टेकडी चुकली नाही. थंडीत कानटोपी, पावसात छत्री, तापात आईंची बोलणी, पण टेकडी होतीच.

मग एका वर्षी शेजारच्या राज्यातून प्लेगची बातमी आली आणि पुण्याने तोंडाला रुमाल बांधला. बसमध्ये कंडक्टर रुमालातून काय बोलतो ते कळेना. औषधांच्या दुकानांतून कॅप्सूल नाहीशा झाल्या. ज्यांना कशाला कुठली गोळी घेतात हे ठाऊक नव्हतं त्यांच्याही कपाटात डबे भरून साठा. माझी वेगळी ठेवलेली फणी पाहून नाक मुरडणाऱ्या नात्यातल्या बायका आता फोन करून विचारू लागल्या, "अगं, तू त्यातलीच ना? आमच्या माळ्यावर खुडबुड होते. काय करावं?" आईंचा तर सूरच पालटला. मायक्रोस्कोपवरून मी एकदम "आमची सून प्लेगची तज्ज्ञ आहे" इथपर्यंत चढले. फणी मात्र कोनाड्यातच राहिली.

सोसायटीची सभा भरली. तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीमागे आणि जिन्याखाली उंदीर होते, ते पूर्वीही होते, पण आता ते सभेच्या विषयपत्रिकेवर आले. कुणी म्हणालं विष घाला. मी उठून सांगितलं की विष घालू नका; उंदीर मेला आणि गार झाला की पिसवा त्याला सोडतात आणि ऊबदार काही शोधत निघतात, आणि जिन्यात सगळ्यांत ऊबदार तुम्हीच आहात.  शेवटी दोन पिंजरे घ्यायचे आणि ते अण्णांनी सांभाळायचे असं ठरलं, कारण अण्णांइतका काटेकोर आणि रिकामा माणूस सोसायटीत दुसरा नव्हता.

आता पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराचं पुढे काय करायचं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. तो लांब नेऊन सोडायचा असतो. माझं माहेर नारायण पेठेतलं. लहानपणी मी वडिलांबरोबर सकाळी पिंजरा घेऊन नदीच्या पुलावर जायची. बुडवणं बिडवणं आमच्या घरात कुणाला झेपत नसे, शिवाय गणपतीचं वाहन. तेव्हा उंदीर नदीपलीकडे सोडायचा. पुलाच्या मध्यावर हमखास पलीकडचे एक गृहस्थ भेटायचे, त्यांच्याही हातात फडक्याने झाकलेला पिंजरा. दोघं एकमेकांना नमस्कार करायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि आपापल्या दिशेने जायचे. उंदरांनाही त्या निमित्ताने हवापालट व्हायचा. अख्ख्या शहराची ही रीत असावी असं मला वाटतं. पुण्यातला उंदीर मरत नाही, फक्त पेठ बदलतो.

त्यामुळे अण्णा पहाटे पिशवीत पिंजरा घालून निघाले तरी त्यात मला काही विशेष दिसलं नाही. आईंनी एकदा विचारलं, "कुठे सोडता?" ते म्हणाले, "योग्य ठिकाणी." ते ठिकाण म्हणजे जवळचा एखादा ओढा असेल, असं मी धरून चालले होते. खालच्या मजल्यावरचे एक जण त्यांना म्हणाले, "अहो, जन्मभर तोफेचे गोळे केलेत, आणि एक उंदीर मारवत नाही आपल्याला?" अण्णांनी त्यांना उत्तर दिलं, "मी गोळे तपासायचो. उडवायचे ते वेगळे लोक." आणि बूट घालून निघून गेले.

त्या हिवाळ्यात आमच्या कचेरीला वरून हुकूम आला की शहराच्या कडेच्या टेकड्या तपासा. रानउंदरांत काही आहे का बघा. टेकडीवर पिंजरे लावायला माझ्या जोडीला कचेरीतला एक मुलगा होता, वाढत्या शहराने पोटात घेतलेल्या एका गावातला. त्याच्या घरच्या शेतांवर आता इमारती उभ्या होत्या आणि त्याच्याकडे आमच्या साहेबांपेक्षा मोठी गाडी होती. पण सरकारी नोकरी तो सोडत नव्हता, कारण तिच्याशिवाय मुलीच्या बापासमोर वजन पडत नाही, असं त्याच्या आईचं म्हणणं. मी त्याला दादा म्हणायची. संध्याकाळी बिळांच्या तोंडाशी भाकरीचे तेलात बुडवलेले तुकडे लावून पिंजरे ठेवायचे, सकाळी उचलायचे.

पहिल्याच सकाळी जुन्या खाणीपाशी लावलेल्या पिंजऱ्यांत रानउंदरांबरोबर चक्क घरचा उंदीर सापडला. दादाने पिंजरा उचलून पाहिला. "ताई, ह्यो वरचा न्हाई. ह्यो जिन्यातला हाय," तो म्हणाला. ते तर मलाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तिसऱ्या दिवशी दोन.

आमच्या साहेबांना त्या बातमीने तरतरी आली. त्यांच्या साऱ्या नोकरीत कधी काही घडलेलं नव्हतं, आणि काही न घडणं हेच आमच्या कामाचं यश. पण असं यश कुणाला दाखवता येत नाही. आता मात्र घरचे उंदीर वस्ती सोडून आपण होऊन टेकडीवर निघाले आहेत, असं काहीतरी नवीन त्यांच्या हाती लागलं होतं. भरीला त्या उंदरांच्या शेपटीवर हिरवट डाग होते. साहेब उंदराच्या फार जवळ जात नसत. हात मागे बांधून चार पावलांवरून पाहत त्यांनी निदान केलं, "बुरशी. नवीनच दिसते." त्यांनी मला ती खरवडून बाटलीत भरायला सांगितली आणि स्वतः अहवालाचा मसुदा लिहायला बसले. टेकडीवर रानातल्या आणि घरच्या उंदरांचा संपर्क आला आहे, तेव्हा ती लोकांना बंद करावी, सगळ्या बिळांत पावडर मारावी आणि निदान उन्हाळा संपेपर्यंत कुणाला वर सोडू नये.

मी खरवडायला ब्लेड घेतलं. डाग धुळीने माखला होता, पण धूळ पुसल्यावर कडा दिसली. सरळ कडा. दुसऱ्या शेपटीवर पाहिलं, तर डाग तिथेच, मुळापासून तेवढ्याच अंतरावर, तेवढाच रुंद. बुरशी अशी मोजूनमापून येत नाही. असं मोजूनमापून काम करणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि त्याने गेल्या दिवाळीला आमच्या गॅलरीचे गज ह्याच हिरव्या रंगाने रंगवले होते.

घरी गेले ती आंघोळीआधी गॅलरीत गेले, त्याबद्दल आईंचा ओरडा खाल्ला. कुंड्यांमागे रंगाचा डबा आणि बारीक ब्रश होता. ब्रश ओलाच होता.

"अण्णा, तुम्ही उंदीर कुठे सोडता?"

"योग्य ठिकाणी."

"योग्य म्हणजे टेकडीवर? खाणीपाशी?"

"हो. मोकळी हवा, माणसांची वर्दळ नाही. का गं?"

"आणि शेपटीला रंग?"

अण्णांचा चेहरा उजळला. इतके दिवस कुणी हे विचारलं नव्हतं. "म्हणजे तू पाहिलेस? शेपटी पिंजऱ्याच्या तारांतून बाहेर येते, तेवढ्यात एक हात फिरवायचा. तपासलेल्या मालाला खूण नको का? सोडलेला परत आला तर कळणार कसं? आजवर एकही हिरवा सोसायटीत परत आलेला नाही."

"येणार कसा? ते आमच्या पिंजऱ्यात येतायत."

"म्हणजे वरच राहिले," ते समाधानाने म्हणाले. "म्हणजे जागा मानवली त्यांना."

आमच्या साहेबांची बुरशी अण्णांच्या डब्यातली आहे हे कळल्यावर मी हसायला लागले ती मला थांबता येईना. अण्णाही हसले. मग मला टेकडी बंद करण्याचा मसुदा आठवला आणि मी त्यांना खुर्चीत बसवलं.

मी सांगितलं की वरचे उंदीर आणि घरचे उंदीर एकमेकांपासून लांब राहतात, हेच आपलं नशीब. वरच्या पिसवांत काही असलंच, तर ते तिथल्या तिथे फिरत राहतं. तुमचा उंदीर त्यांच्या बिळात शिरला की पिसवा इकडच्या तिकडे होतात, आणि त्या उंदरांतला एक जरी खाली कुठल्या जिन्यात उतरला तरी बरोबर काय आणेल सांगता येत नाही. तुम्ही रोज एकेक पाहुणा नेऊन सोडताय, आणि त्यापायी साहेब टेकडी बंद करायला निघालेत.

अण्णांनी गॅलरीच्या गजांकडे पाहिलं. "म्हणजे मी दारू आणि ठिणगी एका खोलीत ठेवत होतो," ते म्हणाले.

"ठिणगी आहे की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही, अण्णा."

"तो प्रश्नच नसतो. कारखान्यात कुणाच्या खिशात काडेपेटी सापडली, तर ती ओली होती का, असं विचारत नाहीत."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "टेकडी बंद करणार म्हणालीस?"

"साहेबांच्या मनात तेच आहे."

"मग टेकडी बंद म्हणजे हे बंद," आई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण पाहत अण्णांच्या खुर्चीकडे होत्या. मला तेव्हा खरीच भीती वाटली. लग्नाआधीचे ते दिवस मी पाहिले नव्हते, आणि मला ते पाहायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत पोचले तर अण्णा माझ्या आधी येऊन बाकावर बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, पिशवीत रंगाचा डबा. साहेब आल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, "टेकडीवरचे उंदीर मी सोडले आहेत. ही आपली बुरशी." डबा त्यांनी टेबलावर, नेमका मसुद्याच्या शेजारी ठेवला.

साहेबांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. एवढ्या जवळून त्यांनी कुठलीच गोष्ट पाहिलेली मी पाहिली नव्हती. एका नव्या शोधाचा जीव जाताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला दिसलं, आणि थोडी दयाही आली.

"हे आपण आधी सांगायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"आपण विचारायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "सून इथेच असते माझी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होते, ती स्वच्छच होती.

पण साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मसुदा घडी करून खणात टाकला आणि थोडा विचार करून सांगितलं की घरचे उंदीर आपण होऊन चढलेले नाहीत एवढ्याने भागणार नाही, ते वर मिसळलेत हे खरंच आहे. तेव्हा हिरवे सापडतील तेवढे परत धरायचे, त्यांचं आणि आजूबाजूच्या रानउंदरांचं रक्त तपासणीला पाठवायचं. सगळं निर्मळ निघालं तर टेकडी उघडी राहील. यात कसूर झाली किंवा इथून पुढे एक जरी उंदीर वर गेला, तर मात्र ते टेकडी बंद करतील आणि कुणाचं ऐकणार नाहीत.

"कुठे सोडलेत ते मला माहीत आहे. मी दाखवतो," अण्णा लगेच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि धरलेल्यांचं पुढे काय करता?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं. क्लोरोफॉर्म, ट्रे, फणी, रक्त. "आणि मग?" अण्णांनी विचारलं. "मग काही नाही," मी म्हणाले. "ते परत उठत नाहीत." अण्णांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत घातला आणि बसने घरी गेले.

त्या संध्याकाळी ते खुर्चीत बसले. आईंनी जेवायला हाक मारली तेव्हा आले, पण बोलले नाहीत. आमचे हे मला खोलीत येऊन म्हणाले, "तू त्यांना हे सगळं सांगायलाच हवं होतं का?" मी म्हणाले, "मग काय, बुरशीवर औषध लिहून देऊ?" चिडून म्हणाले खरी, पण मला झोप लागली नाही.

पहाटे कडी वाजली. अण्णा कानटोपी घालून निघाले होते.

दादा सांगायचा, अण्णांबरोबर पिंजरे लावणं म्हणजे नोकरी नाही, परीक्षा. पिंजऱ्याचं दार आधी उघडझाप करून पाहायचे, मग बिळापासून नक्की किती लांब ठेवायचा यावर वाद. तेलातल्या भाकरीला तर त्यांनी नाक मुरडलं. "आमच्या सोसायटीतले उंदीर याला तोंड लावणार नाहीत," ते म्हणाले, आणि आईंच्या डब्यातले शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले. लाडवांना हिरवे उंदीर खरोखरच आले. "आजोबा, लई लाडावून ठेवल्यात तुम्ही," दादा म्हणाला. आईंना लाडू कुठे जातात ते कळलं तेव्हा त्या आणखी लाडू वळायला बसल्या.

टेकडी बंद झाली नाही, हे सांगून टाकते. पुढे सगळ्या रक्ताचे निकाल आले आणि कशातही काही निघालं नाही. सोसायटीचे नवे उंदीर पिंजऱ्यासकट माझ्याकडे येऊ लागले आणि अण्णा टेकडीवर रिकाम्या हाताने जाऊ लागले, आणि तिथल्या चौघांना प्लेगबद्दल व्याख्यानं देऊन त्यांनी हैराण केलं. पण ते नंतरचं. त्याआधी ती सकाळ झाली, जेव्हा अण्णांनी परत धरलेले पहिले हिरवे उंदीर दादाच्या गाडीतून कचेरीत आले.

पिंजरे कापडी पिशव्यांत घालून व्हरांड्यात ओळीने मांडले होते. अण्णा बरोबर आले होते. मला वाटलं ते पिंजरे उतरवून परत जातील, पण ते बाकावर बसले. मी पहिला आत नेला. काम आटपून बाहेर आले तेव्हा ते उभे होते.

"झालं?"

"झालं."

"कळलं का गं त्याला?"

"फारसं नाही."

"आजारी होता?"

"नाही, अण्णा. धडधाकट होता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी इतकी वर्षं गोळे पास करून पुढे पाठवले. पुढे काय होतं ते बघायला मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही कधी गेलो नाही. आत येऊ का?"

पिसू अंगावर चढू नये म्हणून मी त्यांना पायजम्याचे पाय मोज्यांत खोचायला लावले, बाह्या बांधल्या. ते माझ्या टेबलापासून थोडे दूर, हात मागे घेऊन उभे राहिले. मी दुसरा उंदीर घेतला. पिशवीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकला, हालचाल थांबेपर्यंत थांबले, उंदीर ट्रेमध्ये काढला आणि मानेपासून शेपटीकडे विंचरू लागले. पांढऱ्यावर पिसवा पडल्या की त्या टिपून बाटलीत. अण्णांनी एकदाही मान वळवली नाही.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"सापडतील तेवढे."

"आणि घरी येऊन पोळ्या करतेस."

"हो."

"तुला त्रास होतो का गं याचा?"

माझ्या कामाबद्दल मला लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. वास येतो का, चावतात का, पगार बरा आहे का, आंघोळ करून आलीस ना. हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनेही नाही, आमच्या ह्यांनीही नाही. मीही सगळ्यांना उंदीर विंचरण्याचे विनोद सांगून वेळ मारून नेत आले होते, आणि एवढ्या वर्षांत ते विनोद मला स्वतःलाही पुरत होते. त्या दिवशी पुरले नाहीत.

"होतो, अण्णा," मी म्हणाले. "रोज होतो."

 अण्णा वळून बाहेर गेले. मला वाटलं घरी निघाले, आणि त्यात मला काही चूक वाटली नाही. व्हरांड्यात उरलेला प्रत्येक उंदीर त्यांनी जिवंत राहावा म्हणून आपल्या हाताने सोडलेला होता आणि आपल्या हातानेच परत धरला होता. पण ते परत आले. पुढचा पिंजरा त्यांनी दोन्ही हातांनी धरून आणला होता. तो माझ्या टेबलाशी ठेवून ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"घे," ते म्हणाले. "संपेपर्यंत मी आहे इथे."